घरबांधणीतील तात्पुरता वीजपुरवठा

घरबांधणीतील तात्पुरता वीजपुरवठा : नवीन घराचा पाया खणल्यापासून त्या घरातील कायम विद्युत् मांडणी तपासून चालू होईपर्यंतच्या काळात बांधकामासाठी जी विजेची व्यवस्था केली जाते, तिला तात्पुरता वीजपुरवठा म्हणतात. जोडणीची जागा, मीटर, मुख्य खटका, संरक्षक साधने, भूयोजन म्हणजेच अर्थिंग, वितरण फलक आणि तेथून यंत्रांपर्यंत नेलेल्या केबली हे तिचे मुख्य भाग होत. ‘तात्पुरता’ हे विशेषण कालावधी दर्शविते. मांडणीचा दर्जा दर्शवीत नाही. पूर्ण झालेल्या घरात तारा नळ्यांत बंदिस्त असतात, जमीन कोरडी असते आणि उपकरणे बहुधा जागच्या जागी असतात. बांधकामावर याउलट स्थिती असते. तारा उघड्यावर पडलेल्या असतात, माती व काँक्रीट ओले असते, यंत्रे हातात धरून चालवावी लागतात आणि कामाची जागा रोज बदलते. असे असूनही झटक्यापासून वाचविणारी साधने घर पूर्ण झाल्यावर, वायरिंगच्या अखेरीस बसविण्याची रीत आहे. धोका सर्वाधिक असतो त्या काळात संरक्षण सर्वांत कमी असते. हा क्रम उलटा करणे, म्हणजे अर्थिंग व संरक्षक साधने पहिली वीट रचण्यापूर्वी बसविणे, हे या विषयाचे मुख्य सूत्र होय.

प्रस्तुत नोंदीत चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील परिस्थिती मुख्यत्वे विचारात घेतली आहे. वीजवाहिनीपासूनचे अंतर, खडकाळ जमीन, कडक उन्हाळा, मुसळधार पाऊस आणि घरमालकाने स्वतः करून घेतलेले बांधकाम हे सर्व घटक येथे एकत्र आढळतात. त्यामुळे या विषयातील बहुतेक प्रश्न तेथे ठळकपणे दिसून येतात.

पार्श्वभूमी : जुन्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. याच सुमारास चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील औष्णिक विद्युत् केंद्र उभे राहिले. सुमारे २,९०० मेगॅवॉट क्षमतेचे हे केंद्र राज्यातील मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. मात्र वीजनिर्मिती जवळ असली, तरी एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कोरची यांसारख्या तालुक्यांतील विखुरलेल्या पाड्यांपर्यंत वीज पोहोचण्यास पुष्कळ काळ लागला. वनातून जाणाऱ्या लांब वाहिन्या, विरळ वस्ती आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते ही त्याची कारणे होत. राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना (२००५), दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजना (२०१४) व ‘सौभाग्य’ योजना (२०१७) यांतून घरोघरी जोडण्या देण्यात आल्या. वाहिनी नेणे शक्य नव्हते अशा ठिकाणी ‘सौभाग्य’ योजनेत दिवे व पंखा यांपुरते सौर संच देण्याची तरतूद होती.

याच काळात घराचे स्वरूपही बदलले. बांबूच्या कुडाला मातीचा लेप दिलेल्या भिंती आणि कौलारू छप्पर असे येथील पारंपरिक घर बांधण्यास कुऱ्हाड, वाकस, पटाशी एवढी हत्यारे पुरत. विजेची गरज नसे. विटा, सिमेंट, सळई व स्लॅब यांच्या घराला पंप, कटर, ड्रिल, वेल्डिंग यंत्र लागते. प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौ. मी. क्षेत्राचे घर अपेक्षित असून ते लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, असे धोरण आहे. राज्यात आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजनाही आहे. अशा घरकुलावर अभियंता अधूनमधून येतो. रोजची देखरेख मालक व गवंडी यांचीच असते. विजेची सुरक्षितताही साहजिकच त्यांच्याकडे येते.

बांधकामाचा हंगामही येथे आखूड असतो. धानाची कापणी व मळणी आटोपल्यावर काम सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मे महिन्यात तेंदूपाने गोळा करण्यासाठी मजूर रानात जातात, आणि जूनच्या मध्यास पाऊस येतो. उरलेले काम घाईने, पहाटे व अंधार पडल्यावर दिव्यांच्या उजेडात उरकले जाते. उघड्या तारा, थकलेली माणसे व अपुरा उजेड या तिन्ही गोष्टी त्या वेळी एकत्र येतात.

विजेचा वापर व भार : लहान घराच्या बांधकामाला लागणारी वीज फार नसते. भिंती व स्लॅबवर पाणी मारण्यासाठी अर्धा ते एक अश्वशक्तीचा पंप, फरशी कापण्याचा कटर, ड्रिल, चौकटीसाठी विजेवर चालणारा रंधा, क्वचित काँक्रीट दाबून बसविणारा व्हायब्रेटर आणि काही दिवे एवढाच भार असतो. खिडक्यांचे गज व लोखंडी दारे जागेवरच जोडायची असल्यास वेल्डिंग यंत्र येते. ते इतर सर्व यंत्रांहून अधिक प्रवाह घेते. सर्व यंत्रे एकाच वेळी चालत नाहीत. तथापि तारेची जाडी ठरविताना सर्वांत मोठे यंत्र आणि त्याबरोबर हमखास चालणारे पंप व दिवे यांची बेरीज धरावी.

धोक्याचे स्वरूप : भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा असतो. झटक्याची तीव्रता दाबापेक्षा शरीरातून वाहणाऱ्या प्रवाहावर व तो वाहण्याच्या कालावधीवर अवलंबून असते. सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह (एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) मुंग्या आल्यासारखा जाणवतो. प्रवाह वाढला की स्नायू आखडतात व हातातील वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ चार्ल्स डॅलझील यांच्या प्रयोगांत हात सोडवून घेता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६, तर स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. येथील बांधकामांवर रेजा म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असल्याने हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही दशक मिलिअँपिअर प्रवाह छातीतून अधिक वेळ वाहिल्यास हृदयाचे नियमित आकुंचन थांबून त्याची नुसती थरथर होऊ लागते आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

कोरड्या, जाड त्वचेचा रोध हजारो ओहम असू शकतो. घामाने किंवा पाण्याने ती भिजली, की हातापासून पायापर्यंतचा एकूण रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरतो. चंद्रपुरात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५° से.च्या वर जाते. घामेजलेल्या हातात कटर धरून ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून २३० व्होल्ट दाबाला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. एका साध्या दिव्यात वाहतो तेवढाच हा प्रवाह आहे, पण हृदय बंद पाडण्यास तो पुरेसा आहे.

अर्थिंगची मर्यादा : यंत्राच्या धातूच्या कवचात आतील तारेची वीज उतरल्यास ती जमिनीत वाहून जावी, यासाठी कवच तारेने जमिनीला जोडतात. गावातील रोहित्राच्या (ज्याला लोक ‘डीपी’ म्हणतात) ठिकाणी तटस्थ तार जमिनीला जोडलेली असते. दोषप्रवाह कवचातून घराच्या अर्थिंगमध्ये, तेथून मातीतून रोहित्राच्या अर्थिंगकडे जातो आणि मंडल पूर्ण होते. हा प्रवाह पुरेसा मोठा असला, तरच वितळतार (फ्यूज) वितळते किंवा एम.सी.बी. खाली पडते.

प्रवाह किती मोठा असेल, हे मातीवर अवलंबून असते. भारतीय मानक आयएस ३०४३ नुसार नळीच्या अर्थिंगसाठी किमान ३८ मिमी. व्यासाची व २.५ मी. लांबीची जस्तलेपित नळी उभी पुरतात. मातीचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर धरला, तर या नळीचा जमिनीशी असलेला रोध हिशेबाने सुमारे ३५ ओहम येतो. रोहित्राच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम मानल्यास दोषप्रवाह २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर होतो. एवढ्या प्रवाहाने १६ अँपिअरची वितळतार वितळत नाही. दोष तसाच राहतो आणि यंत्राच्या कवचावर सुमारे २०० व्होल्ट दाब टिकून राहतो. अर्थिंग केले आहे व वितळतारही आहे, म्हणून मालक निश्चिंत असतो. धोका मात्र कायम असतो.

गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूरचा पूर्व भाग जुन्या स्फटिकमय खडकांवर वसलेला असून त्यावर अनेक ठिकाणी मुरूम व जांभा मातीचा पातळ थर आहे. अशी जमीन उन्हाळ्यात पार कोरडी होते. तिचा विशिष्ट रोध १,००० ओहम-मीटरपर्यंत गेल्यास वरील नळीचा रोध सुमारे ३५० ओहम होतो आणि दोषप्रवाह एक अँपिअरही राहत नाही. वरोरा, राजुरा या पश्चिमेकडील तालुक्यांतील काळी माती ओली असताना उत्तम संवाहक असते, पण उन्हाळ्यात ती भेगाळून नळीपासून सुटते. नळीभोवती कोळसा व मीठ भरणे, त्यात दर काही दिवसांनी पाणी ओतणे, तसेच नळीच्या लांबीच्या दुपटीइतक्या अंतरावर दुसरी नळी पुरून दोन्ही जोडणे या उपायांनी रोध कमी होतो. विहीर किंवा न्हाणीजवळची ओलसर जागा अर्थिंगसाठी निवडणे अधिक सोयीचे ठरते. तथापि अशा जमिनीत केवळ अर्थिंग व वितळतार यांवर भिस्त ठेवता येत नाही.

गळती खंडक : ही उणीव गळती खंडक भरून काढतो. यालाच आर.सी.सी.बी. म्हणतात, वायरमन मंडळींत जुन्या साधनावरून ‘ई.एल.सी.बी.’ हे नाव रूढ आहे. यात जिवंत व तटस्थ अशा दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. सर्व काही ठीक असताना जाणारा व येणारा प्रवाह सारखा असतो व त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना छेदतात. प्रवाहाचा काही अंश माणसाच्या शरीरातून किंवा यंत्राच्या कवचातून जमिनीत गेला, की समतोल बिघडतो, कड्यावरील वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो आणि खटका उघडतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा खंडक वापरतात. एवढ्या गळतीला तो जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात मंडल तोडतो.

वरील उदाहरणातील ३५० ओहमचे खराब अर्थिंग घेतले, तरी ३० मिलिअँपिअर गळतीला कवचावरील दाब केवळ साडेदहा व्होल्ट असतो. त्याहून मोठ्या गळतीला खंडक क्षणार्धात मंडल तोडतो. खडकाळ मुलखात या साधनाचे महत्त्व का आहे, ते या आकड्यांवरून स्पष्ट होते. डॅलझील यांनी १९६१ मध्ये ५ मिलिअँपिअर गळतीला चालणारे अशा प्रकारचे साधन पुढे आणले आणि १९७०–८० या दशकात अमेरिकेत बांधकामांवर ते आवश्यक ठरविण्यात आले. ब्रिटनमध्ये वेगळी वाट चोखाळली गेली. तेथे बांधकामावरील हातयंत्रे ११० व्होल्टवर चालवितात आणि रोहित्राच्या वेटोळ्याचा मध्य जमिनीला जोडलेला असल्याने जमिनीच्या सापेक्ष दाब ५५ व्होल्टच राहतो. भारतात २३० व्होल्टची यंत्रे सर्वत्र असल्याने गळती खंडक हाच व्यवहार्य उपाय आहे.

या साधनालाही मर्यादा आहेत. एका हाताने जिवंत व दुसऱ्या हाताने तटस्थ तार धरल्यास दोन्ही तारांतील प्रवाह सारखाच राहतो आणि खंडक उघडत नाही. त्यात अतिभारापासून संरक्षण नसते. त्यासाठी वेगळी एम.सी.बी. हवी. आतील यंत्रणा धुळीने अडकू शकते. म्हणून त्यावरील चाचणीचे बटण बांधकामाच्या काळात रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी दाबून पाहावे. खंडक वारंवार पडू लागल्यास तो काढून टाकून सरळ जोडणी करण्याची चूक सर्रास होते. खंडक पडतो तेव्हा बहुधा एखाद्या यंत्रात किंवा केबलीत गळती असते. एकेक यंत्र सोडवून ती शोधणे हाच त्यावर उपाय आहे.

मांडणी : पुरवठा घेण्याच्या जागी मजबूत खांबावर, पावसापासून आडोसा असलेल्या व कुलूप लावता येणाऱ्या पेटीत मीटर, मुख्य खटका, एम.सी.बी. व गळती खंडक बसवितात. पेटी जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच ठेवल्यास ती उघडणे सोपे जाते व पावसाचे पाणी तिच्यापर्यंत उडत नाही. खांबासाठी सागाची किंवा ऐनाची बल्ली चालते. पुरण्याच्या टोकाला वाळवीपासून जपण्यासाठी डांबर लावावे. हिरवा किंवा भिजलेला बांबू निरोधक नसतो. त्याला तार नुसती गुंडाळणे धोक्याचे असते. मुख्य खटक्याची जागा कामावरील प्रत्येकाला, पाणी आणणाऱ्या मुलालाही, पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी.

केबल दुहेरी आवरणाची व तीन तारांची (जिवंत, तटस्थ व अर्थिंग) असावी. दोन सुट्या तारा पिळून केलेली व सांध्यांवर चिकटपट्टी लावलेली वायर बांधकामावर वापरू नये. सळईचे टोक, फावडे किंवा विटांची ट्रॉली यांनी तिचे आवरण सहज फाटते. केबल जमिनीवरून न नेता उंचावरून न्यावी. वाट ओलांडताना लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकच्या नळीतून पुरावी. जोडणीसाठी साकेटात उघड्या तारा खोचून काड्यांनी दाबण्याची रीत सर्वस्वी त्याज्य होय. गुंडाळीवरची केबल पूर्ण सोडून वापरावी. गुंडाळी तशीच ठेवून मोठा भार चालविल्यास ती तापते व आवरण वितळते.

लांब अंतरावर दाब किती घटतो, याचाही विचार करावा लागतो. शेजारच्या घरातून ६० मी. अंतरावर १.५ चौ. मिमी. तांब्याची केबल नेली, तर जाण्यायेण्याची लांबी १२० मी. होऊन रोध सुमारे १.४५ ओहम होतो. १० अँपिअर भाराला साडेचौदा व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ चौ. मिमी. केबलीत हीच घट साडेपाच व्होल्ट असते. वनगावांत लांब वाहिनीच्या टोकाला दाब मुळातच कमी असतो. अशा वेळी पंपाची मोटर पुरेसा वेग घेऊ शकत नाही, जास्त प्रवाह खेचते व जळते. निरोधक आवरण जळताना तिच्या कवचात वीज उतरण्याचा संभवही वाढतो.

वेल्डिंग यंत्राची परतीची तार ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्यालाच चिमट्याने जोडावी. स्लॅबच्या सळयांचा परतीच्या वाटेसाठी उपयोग केल्यास प्रवाह नको तेथे पसरतो.

डोक्यावरील वाहिन्या : घराजवळून जाणारी उघडी वाहिनी हा स्वतंत्र धोका आहे. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांत कमी दाबाच्या वाहिनीपासून इमारतीचे अंतर उभ्या दिशेत किमान २.५ मी. व आडव्या दिशेत १.२ मी. ठरविले होते, ११ किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी ते अनुक्रमे ३.७ मी. व १.२ मी. होते. २०१० च्या केंद्रीय विनियमांतही हीच अंतरे कायम राहिली. ही अंतरे तयार इमारतीची आहेत. बांधकाम चालू असताना सळई उभी करणारा माणूस, लोखंडी शिडी आणि सेंट्रिंगचे बांबू इमारतीच्या बाहेर कित्येक फूट पोहोचतात. साधारण १२ मी. लांबीची सळई वाहिनीखाली उभी करणे किंवा फिरविणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. ११ किलोव्होल्टच्या तारेपासून किंचित अंतरावर असतानाही ठिणगी उडते. वाहिनीजवळ घर बांधावयाचे असल्यास वीज कंपनीला आधी लेखी कळवावे आणि वाहिनी हलविणे किंवा काम चालू असताना पुरवठा बंद ठेवणे यांविषयी निर्णय करून घ्यावा. जागा निवडतानाच वाहिनी टाळणे सर्वांत स्वस्त पडते.

जनित्र व सौर संच : वादळात वनातील वाहिन्यांवर झाडे पडतात. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला आहे. अशा ठिकाणी दुरुस्तीला वेळ लागत असल्याने पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे लहान जनित्र आणले जाते. त्याबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, अनेक लहान जनित्रांत तटस्थ टोक कवचाला किंवा जमिनीला जोडलेले नसते. अशा जनित्रावर गळती खंडक लावला, तरी गळतीला परतीची वाट नसल्याने तो अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. म्हणून जनित्र नेमके कशा प्रकारचे आहे हे पाहून त्याची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. दुसरी, घराच्या मांडणीला जनित्र जोडताना मुख्य पुरवठा तोडणारा दुतर्फी खटका असलाच पाहिजे. तो नसल्यास जनित्राची वीज मागे जाऊन रोहित्रातून उलट चढते आणि वाहिनी बंद आहे असे समजून काम करणाऱ्या लाइनमनचा बळी घेते. जनित्र बंद खोलीत चालविल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरतो.

सौर संचावर पंप किंवा कटर चालत नाही. परंतु त्याचे १२ व्होल्टचे दिवे रात्रीच्या उजेडासाठी उत्तम असतात, कारण एवढ्या दाबाचा धोकादायक झटका बसत नाही. उजेडासाठी सौर दिवे आणि यंत्रांसाठी वाहिनीची वीज अशी विभागणी या जिल्ह्यांत सहज करता येण्यासारखी आहे.

वन व वन्यजीव : रानालगतच्या बांधकामावरील तारा रात्री सोडून ठेवणे माणसांप्रमाणेच प्राण्यांनाही घातक असते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात थेट वीज सोडण्याच्या प्रकारांत या भागात वाघांचा व माणसांचाही बळी गेला आहे. असे करणे हा गुन्हा आहे. कुंपणासाठी मिळणारे झटका यंत्र अत्यल्प काळाचे, मर्यादित ऊर्जेचे स्पंद सोडते. वाहिनीची सरळ जोडलेली तार अखंड प्रवाह देते. दोन्ही एकच मानणे ही घोडचूक होय. बांधकाम संपल्यावर उरलेली केबल बांधावर पडून राहिल्यास तिचा असा दुरुपयोग होण्याचा संभव असतो. २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप आलेला आहे. लोंबणाऱ्या तारांपासून त्यांनाही धोका असतो. काम थांबताच मुख्य खटका बंद करून पेटीला कुलूप लावणे हा यावरील साधा उपाय आहे.

नव्या वस्तीपर्यंत वाहिनी वनजमिनीतून न्यावी लागत असल्यास वन हक्क अधिनियम, २००६ याच्या कलम ३ (२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने तशी परवानगी मिळू शकते. प्रत्येक प्रकरणी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी व हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत, अशी त्यात अट आहे.

कायदा व जबाबदारी : राज्य वीज मंडळाचे (स्थापना १९६०) २००५ मध्ये विभाजन झाल्यापासून या जिल्ह्यांत वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आहे. बांधकामासाठी तात्पुरती जोडणी अर्ज करून मिळते. २०२२ मध्ये केंद्र शासनाने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार बांधकामासाठीची तात्पुरती जोडणी तातडीने, ४८ तासांच्या आत देणे अपेक्षित आहे. खाजगी जनित्रांचा वापर टाळणे हा तिचा एक हेतू आहे. तरीही शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढणे किंवा वाहिनीवर आकडा टाकणे हे प्रकार घडतात. आकड्याच्या तारेवर वितळतार, खटका वा गळती खंडक यांपैकी काहीच नसते. झटका बसलेल्या माणसाला सोडविण्यासाठी बंद करण्याजोगे बटणच उपलब्ध नसते. विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली ही वीजचोरी ठरते. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरल्यास कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. विद्युत् मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने व वायरमनने करावे लागते. ठरावीक भारावरील मांडणीस गळती खंडक आवश्यक मानला आहे. लहान घरकुल त्या मर्यादेखाली येत असले, तरी बांधकामाच्या स्थितीत तो वगळण्यास तांत्रिक आधार नाही.

कामगार सुरक्षेच्या कायद्यांची मर्यादाही येथे जाणवते. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि स्वतःच्या राहण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घर बांधणारा त्यातून वगळला होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. तीत ही मर्यादा ५० लाख रुपये आहे. म्हणजे घरकुलावर राबणारा मजूर, जो बहुधा त्याच गावचा किंवा घरचाच असतो, या संरक्षणाच्या बाहेर राहतो. तेथे सुरक्षा अधिकारी येत नाही. घरमालकानेच ते काम करावयाचे असते. मोठ्या इमारतीवर नियमाने जे घडते, ते येथे समजुतीने घडवावे लागते. गळती खंडक, एम.सी.बी. व पेटी यांवरील खर्च वाया जात नाही, कारण हीच साधने पुढे घराच्या कायम फलकात बसविता येतात आणि पुरलेले अर्थिंग तसेच कायम राहते.

अपघातप्रसंगी : झटका बसून चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. प्रथम मुख्य खटका बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने तार दूर करावी. हा मार्ग केवळ कमी दाबाच्या पुरवठ्याला लागू आहे. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीचा संबंध असल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. श्वास व हालचाल थांबली असल्यास अपघातग्रस्ताला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंमी. खोल दाब देत राहावे. येत असल्यास प्रत्येक ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुर्गम गावात ती येण्यास वेळ लागतो. म्हणून एकाने थकल्यावर दुसऱ्याने, मध्ये खंड न पाडता दाब देणे चालू ठेवावे. झटक्यानंतर माणूस उठून बसला, तरी हृदयाची लय नंतर बिघडू शकते. त्याला रुग्णालयात नेणे आवश्यक असते. अंगावर माती टाकणे किंवा जमिनीत पुरणे यांसारख्या समजुतींत मोलाची मिनिटे वाया जातात. विजेच्या अपघाताची खबर वीज कंपनीला व विद्युत् निरीक्षकाला द्यावी लागते. अधिनियमाच्या कलम १६१ खाली त्याची चौकशी होते.

कायम जोडणीकडे : घराचे वायरिंग पूर्ण झाल्यावर निरोधाची व अर्थिंगची चाचणी घेऊन कंत्राटदाराचा अहवाल दिला जातो आणि कायम जोडणी मिळते. त्या दिवशी तात्पुरत्या केबली मुळापासून सोडवून गुंडाळून ठेवाव्यात. एकही तार खांबावर किंवा बांधावर लोंबत ठेवू नये. तात्पुरती मांडणी काळजीपूर्वक केली असल्यास तिचे अर्थिंग व संरक्षक साधने नव्या घराच्या फलकाला जोडून द्यावयाची एवढेच काम उरते, आणि त्या घरात राहावयास येणाऱ्या कुटुंबालाही पहिल्या दिवसापासून तेच संरक्षण मिळते.